माझी बोट आता कुणाला ऐकू येत नाही

मुक्काम टॅमरॅक तलाव, मिनेसोटा
बुधवार, सकाळची कॉफी झाल्यावर

आदरणीय वर्नरराव यांस,

ऑर्विलचा नमस्कार. थोरल्या मेहुण्याला जितकं वाकून करायला हवा तितकं वाकून केला आहे, म्हणजे कंबर परवानगी देईल तिथपर्यंत. तुमचा गुडघा कसा आहे? गस कुत्रा अजून पोस्टमनवर भुंकतो का? तुमच्याकडे मार्लिस मजेत असेलच. काकड्यांचं लोणचं घालायला दोन दिवस दादाकडे जाते म्हणाली, त्याला आता महिना होत आला. (जाताना तिने शिवणयंत्र आणि हिवाळी कोट नेला, तेव्हाच काकड्या फार असाव्यात असं माझ्या मनात आलं होतं.) आमच्यात भांडण वगैरे काही नाही. आपल्याकडे भांडण करतं कोण? तिला माझ्या बोटीचा आवाज सोसत नाही, एवढंच. ती परत यावी म्हणून मी काय काय केलं, ते तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

बोट तुम्ही पाहिली आहे, किंवा तळ्याच्या पलीकडे राहता म्हणून नुसती ऐकली असेल. निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करावं म्हणून घेतली. इंजिन ट्रकला लाजवील असं, आणि धूर सोडणारे दोन जाडजूड नळ मागे उघडेच. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा मार्लिस म्हणाली, "आवाज वेगळाच आहे, नाही?" आता आपल्याकडे एखादी बाई दुसरीच्या पदार्थाला "वेगळाच आहे" म्हणाली, की तो पदार्थ पुन्हा कुणी खात नाही, हे मला काय माहीत नाही? पण स्वतःच्या बोटीबद्दल ऐकताना माणूस तेवढंच ऐकतो जेवढं त्याला हवं असतं.

त्यानंतर वड्या येऊ लागल्या. आधी शेजारीण युनिस रॉग्लीने लिंबाच्या वड्यांचं ताट आणून दिलं. म्हणाली, "बोट अगदी पहाटेच काढता हो तुम्ही! किती उत्साह!" मग शेजारच्या धक्क्यावरून खजुराच्या वड्या आल्या, मग शेंगदाण्याच्या. मला वाटलं, सगळा तलाव माझ्या प्रेमात पडला. म्हणून आभार मानायला ज्यांच्या वड्या आल्या त्यांच्या धक्क्यासमोर मी मुद्दाम दोनदा जोरात इंजिन घुमवायचो. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून आणखी मोठं ताट. (हे उन्हाळाभर चाललं. माझा पट्टा दोन भोकं पुढे गेला.) आपल्या लोकांना तक्रार करायची असली की ते चूल पेटवतात, हे जन्मभर इथे राहूनही मी विसरलो. कुणी एकदा तोंडावर "बंद कर तो धिंगाणा" म्हणालं असतं तर? पण तसं म्हणायला बाहेरगावचा माणूस लागतो.

शेवटी आली ती तलावावरची पोलीस, कर्स्टन आमोट. हातात आवाज मोजायचं यंत्र आणि चेहऱ्यावर लग्नाचं बोलावणं करायला आल्यासारखं हसू. "ऑर्विलकाका, त्रास द्यायला अगदी जिवावर येतंय हो, पण किनाऱ्यावरून तुमचा आकडा जरासा जास्तच भरतोय." जरासा म्हणजे किती, म्हणून मी यंत्रात डोकावलो आणि लगेच मागे सरलो. नळांना सायलेन्सर लागेपर्यंत बोट धक्क्यालाच बांधायची, असं ठरलं. जाताना तिने चक्क माफी मागितली.

लॉइड बाक्केन म्हणाला, "अरे, विकतचे सायलेन्सर कशाला? मी आहे ना!" (लॉइडने जन्मभर मळणीयंत्रं दुरुस्त केली. ती दुरुस्त झाली की नाही, हे मला कुणी कधी सांगितलं नाही.) त्याने दोन्ही नळांत भांडी घासायच्या तारेच्या घासण्या ठासून भरल्या. धक्क्यापाशी आवाज खरोखरच मांजरासारखा झाला. मग मी खाडीच्या मध्यावर जरा वेग वाढवला, आणि सगळ्या घासण्या तोफेतून उडाव्यात तशा बाहेर पडल्या. त्यातल्या दोन युनिसच्या सपाट पॉन्टून बोटीवर, भट्टीतून काढून आणलेल्या बटाट्याच्या हॉटडिशमध्ये. युनिस हात हलवून म्हणाली, "असू दे, असू दे! भांडं तसंही घासायचंच होतं!"

दुसरा उपाय म्हणून लॉइडने एक खटका बसवला. दाबला की धूर पाण्याखालून गुपचूप जाणार, सोडला की वरून मोकळा. असा खटका कायद्याला चालत नाही, कारण तो पोलीस दिसली की दाबण्यासाठीच असतो. लॉइडच्या मते मात्र कायदा आपल्यासारख्या सभ्य माणसांसाठी नव्हताच. रविवारी खाडीत बोटींवरची प्रार्थना होती. सगळ्या बोटी एकमेकींना बांधलेल्या, माना खाली, पास्टर म्हणाले, "आता क्षणभर शांततेत..." आणि मी, उशीर झालेला, शेवटच्या रांगेत हळूच शिरताना अदबीने खटका दाबला. लॉइडने तार उलटी जोडली होती. आवाज कमी होईना म्हणून मी आणखी जोरात दाबला. एक म्हातारे गृहस्थ हात जोडूनच पाण्यात गेले. त्या संध्याकाळी माझ्या दारात वड्यांची अकरा ताटं होती, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग मुकाट्याने खरे सायलेन्सर आणले, आत पडदे असलेले. वेग जरा कमी झाला, पण आवाज पार गेला. कर्स्टनने किनाऱ्यावर उभं राहून मोजलं आणि म्हणाली, "वाईट नाही." एवढी स्तुती आमच्या लग्नातही कुणी केली नव्हती. परवा फेरी मारताना युनिस आणि तिची बहीण धक्क्यावर बोलत होत्या. पाण्यावरून शब्द न् शब्द येतो, हे मला नवीनच होतं.

"ऑर्विलचा आवाज नाही गं बरेच दिवस."

"गेला की काय?"

"गेला असेल. बिचारा मनाने चांगला होता. मर्तिकाच्या जेवणाला हॅम करावं का?"

मी त्यांच्या समोरून चाललो होतो, वर्नरराव. मी हात केला. त्यांनीही केला, कोणी दुसराच समजून.

घरची खुशाली चांगली आहे. घर फार शांत आहे, आणि ते मला सहन होत नाही. बाकी लोभ आहेच, तो तुमच्या सोयीने वाढवावा.

आपला,
ऑर्विल टोस्ट्रूड

ता. क. मी हे पत्र घरून लिहीत नाही. तुमच्याच धक्क्याला बोट लावून बसलो आहे, न्याहारीच्या वेळेपासून. इंजिन मुद्दाम चालू ठेवलं आहे, पण कुणी बाहेर आलं नाही. पूर्वी मी तळ्याच्या मध्यावर असतानाच तुम्ही खिडक्या लावायला धावायचात. दार ठोठावणं बरं दिसणार नाही, कुणी जेवत असलं तर? तेव्हा पत्र आमिषाच्या बादलीखाली ठेवतो. संध्याकाळी गळ टाकायला आलात की वाचा, आणि मार्लिसला सहज सांगा की बाहेर कोणीतरी आलं आहे. माझं नाव आधी घेऊ नका.

ता. क. २. घाईत लिहितो. मार्लिस आली. धक्क्यावर उभी राहून म्हणाली, "ते इंजिन बंद कर, पेट्रोल फुकट जातंय. सकाळपासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय मी तुला." मी म्हटलं, मग आली का नाहीस? तर म्हणते, "इतके दिवस तुझं इंजिनच बोंबलत होतं. म्हटलं, तू कधी तोंडाने हाक मारतोस का बघावं." आणि वळून घराकडे चालू लागली. मग मी मारली, वर्नरराव. बोटीत उभं राहून, तिचं नाव घेऊन, छातीतला सगळा दम लावून. ती थांबली आहे. पण पलीकडच्या किनाऱ्यावर लोक धक्क्यांवर आले आहेत, आणि कर्स्टनची बोट यंत्र घेऊन इकडेच येताना दिसते आहे. तिने विचारलं, तर हाकेला सायलेन्सर बसत नाही, एवढं माझ्या वतीने सांगा.