एमेटचा ऑक्टोबर

१४ जून, शनिवार

आलो बाई एकदाचे! सामानवाल्या पोरांनी सोफा आत नेताना दाराचा रंग दोन्ही बाजूंनी खरवडला, आणि एमेट पोर्चवरच्या खुर्चीत बसून "डावीकडे, अजून डावीकडे" असा हुकूम सोडत होता, जसं काही घर याच्या बापाचं आहे. भाड्याचं आहे. पण पोर्च आहे, पुढे हिरवंगार मेपलचं झाड आहे आणि गल्लीत पोरांचा नुसता धुमाकूळ आहे. आम्हाला हेच हवं होतं.

क्लीव्हलँडला आमचं सगळं लग्न तिसऱ्या मजल्यावर गेलं. हॅलोविनला, ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री, एकही पोर कधी सोंग घेऊन तीन जिने चढून आमच्या दारी खाऊ मागायला आलं नाही. एमेट मात्र दर वर्षी चॉकलेटांची मोठी पिशवी आणायचा, दार किलकिलं ठेवून बसायचा, आणि मग ती चॉकलेटं आम्ही दोघं नाताळापर्यंत खात असू. आम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही.

मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, उन्हाळा निघेल, ऑक्टोबरचं काही सांगता येत नाही. एमेटने विचारलं, म्हणजे ऑक्टोबरची सुरुवात की शेवट? हसावं की नाही हे त्या बिचाऱ्या डॉक्टरला कळेना. गाडीत बसल्यावर एमेट म्हणाला, विनी, एक हॅलोविन मला पोर्चवर काढायचाय. म्हणून या गावी आलो. ही डायरीही त्यानेच आणून दिली. लिहून ठेव म्हणाला, पुढच्या वर्षी तुला वाचायला होईल. मी त्याला गप बस म्हटलं.

भांड्यांचे खोके अजून बंद आहेत. पण रबरी वटवाघळं, कापसाची कोळिष्टकं आणि माणसाएवढा प्लॅस्टिकचा सांगाडा बाहेर आला आहे. सांगाड्याचं नाव सिनेटर, कारण तो नुसता बसून असतो.

४ जुलै, शुक्रवार

सगळ्या गल्लीत झेंडे आणि आमच्या पोर्चवर वटवाघळं. सिनेटरच्या हातात एमेटने छोटा झेंडा खोचला आणि म्हणाला, झालं, आता देशभक्तीला उणं नाही.

समोरच्या ओपलबाई बटाट्याचं सॅलड घेऊन आल्या. सत्तरीच्या आहेत, जिभेला धार आहे. पायरीवरूनच म्हणाल्या, "काय हो, कॅलेंडर हरवलं का तुमचं? अजून कलिंगडाचा मोसमसुद्धा संपला नाही!" एमेट हसत हसत म्हणाला, "आजी, मला ऑक्टोबर मिळेलसं दिसत नाही, म्हणून उधारीवर घेतोय." त्यांनी सॅलडचं भांडं माझ्या हातात देताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

संध्याकाळी परत आल्या, नारिंगी दिव्यांच्या माळा आणि दोन नातवंडं घेऊन. गल्लीतल्या चार घरांशी बोलून आल्या होत्या. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी हॅलोविन करायचा, खास एमेटसाठी. पोरं सोंगं घेऊन येणार. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. बाहेर एमेट पोरांना भुताचा आवाज कसा काढायचा ते शिकवत होता.

१२ जुलै, शनिवार

मेपलची एक फांदी लाल झाली आहे, ऑक्टोबरात होते तशी. फक्त पोर्चकडची. ओपलबाई म्हणाल्या, झाडाला कीड लागली की असं होतं, घरमालकाला फोन कर.

एमेट खुशीत आहे. नव्वद फॅरनहाइटच्या वर उकाडा, आणि हा मला दालचिनी घालून गरम सफरचंदाचा रस करायला लावतो. पोर्चवर बसून पितो. खरं सांगायचं तर तिथे फारसं उकडत नाही.

१७ जुलै, गुरुवार

पायरीच्या कडेला भोपळ्याचा वेल आला आहे. आम्ही काही लावलं नव्हतं. काल नव्हता, याची मला खात्री आहे, कारण काल मी तिथे पाणी मारलं. आज त्याला एक नारिंगी, पिकलेला भोपळा आहे, टोपलीएवढा. एमेटला इतका आनंद झाला की मी काही बोललेच नाही. दुपारभर बसून त्याने त्याला डोळे आणि तोंड कोरलं. हात थरथरत होते, त्यामुळे तोंड वाकडं झालं.

झाड आता सगळंच लाल आहे. गल्लीतली बाकीची झाडं हिरवी.

आणखी एक. मंगळवारी मी त्याची नखं कापली होती. आज पुन्हा वाढली आहेत. दाढीही दिवसातून दोनदा करावी लागते.

२० जुलै, रविवार

आमच्याकडे लवकर अंधारतं.

मी हे दोनदा तपासून पाहिलं. जेवणाच्या वेळी समोर ओपलबाईंच्या अंगणात लख्ख ऊन होतं, नातवंडं पाण्याच्या फवाऱ्यात उघडी नाचत होती. आणि आमच्या पोर्चवर मला ताट दिसेना म्हणून दिवा लावावा लागला. ऊन रस्त्याच्या मध्यापर्यंत येतं आणि तिथे थांबतं. मी रस्ता ओलांडून गेले तर घामाने भिजले. परत आले तर तोंडातून वाफ निघाली.

ओपलबाईंना दाखवलं. त्या आमच्या पहिल्या पायरीपर्यंत आल्या, दंड चोळले आणि म्हणाल्या, पोरी, मी आत येत नाही. त्यांनी थट्टा केली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

२३ जुलै, बुधवार

टॅमी आली होती, दर आठवड्याला येणारी नर्स. एमेटला तपासून स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं. म्हणाली, मी असं कधी पाहिलं नाही, मागच्या बुधवारपासून या माणसाचा महिना सरलाय. जेवत नाहीत का? मी म्हटलं, मजेत जेवतो. तिने मला मिठी मारली, आणि मला कळून चुकलं.

ऑक्टोबर आपणच घरात आणला. हाताने, माळा लावून, कोळिष्टकं ताणून. आणि डॉक्टरांनी त्याला ऑक्टोबरपर्यंतचीच मुदत दिली होती. मधला ऑगस्ट, मधला सप्टेंबर, ते माझे दिवस होते. ते गेले कुठे? या घरात ते आलेच नाहीत.

२४ जुलै, गुरुवार

तो झोपला असताना सगळं काढलं. माळा, वटवाघळं, कापूस. भोपळा कचऱ्यात. सिनेटरला गॅरेजमध्ये तोंड भिंतीकडे करून बसवलं. वेल उपटताना हाताला काटे लागले.

दुपारी खोलीत ऊन आलं. खरंखुरं, उकाड्याचं ऊन. मला घाम फुटला आणि मी चक्क हसले.

२६ जुलै, शनिवार

झाडाला खालून हिरवी पालवी फुटते आहे. एमेटची नखं दोन दिवसांत वाढली नाहीत.

पण तो भिंतीकडे तोंड करून पडला आहे. सूप घेत नाही. माझ्यावर रागावलाही नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. फक्त एकदा विचारलं, पोरं येणार होती ना?

२७ जुलै, रविवार

आज त्याला सगळं सांगितलं. झाड, अंधार, नखं, टॅमीचं बोलणं. वाटलं, म्हणेल की बायको वेडी झाली.

तो म्हणाला, "अगं विने, मला पहिलं पान लाल झालं तेव्हाच कळलं होतं. मी काय आंधळा आहे?" मी त्याच्या अंगावर ओरडले. आजारी माणसाच्या अंगावर ओरडले मी. कळलं होतं तर बोलला का नाहीस! म्हणाला, "बोललो असतो तर तू काढून टाकलं असतंस."

मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, पलंगावर पडून, छताकडे बघत काढलेला ऑगस्ट मला काय करायचाय?

मी म्हटलं, मला हवाय.

मला हवाय. त्याचा घोरणारा, कण्हणारा, सूप सांडणारा ऑगस्ट मला हवाय. मला तो उशीवरच्या त्याच्या डोक्यासकट हवाय. मी हे सगळं त्याला म्हटलं. तो म्हणाला, तू म्हणशील तसं. पुन्हा भिंतीकडे वळला. असा माणूस नेहमीच. भांडतसुद्धा नाही धड.

२९ जुलै, मंगळवार

माळा पुन्हा लावल्या.

मीच लावल्या. शिडीवर उभी राहून, रडत. तो खिडकीतून बघत होता आणि एका हाताने सांगत होता, डावीकडे, अजून डावीकडे.

३१ जुलै, गुरुवार

वेल परत आला आहे. आता कठड्यावर चढला आहे. भोपळे मी मोजत नाही.

घरात शेकोटीचा वास. पानं दाराखालून आत येतात. झाडते, पुन्हा येतात.

ओपलबाईंच्या घरी जाऊन हात जोडले. पोरांना शनिवारी पाठवू नका म्हटलं. पोरं आली की हॅलोविन झाला. आणि तो झाला की – त्या म्हणाल्या, "बाळा, पाठवणार नव्हतेच. पोरं तुमच्या बाजूच्या पदपथावरसुद्धा चालत नाहीत आता." मग म्हणाल्या, पोर्चचा दिवा मालवून ठेव, त्या दिवशी अंधाऱ्या घराचं दार कुणी वाजवत नाही. हे कुणालाही ठाऊक असतं. पोर चार वर्षांचं झालं की पहिलं हेच शिकवतात.

एमेटला सांगितलं नाही. माळा असू देत, सोंग असू दे. फक्त दार वाजायला नको. तेवढं झालं तर तो ऑक्टोबरातच राहील. कायमचा का होईना –

१ ऑगस्ट, शुक्रवार

पोर्चवरचा बल्ब काढला. एप्रनच्या खिशात आहे.

एमेट उठून बसला. काळा झगा घातला, केसांना तेल लावलं. व्हॅम्पायर म्हणे. किती बारीक झालाय माझा माणूस. झग्यात कुणी आहे की नाही कळत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

दुपार. समोर ऊन. आमच्याकडे रात्र.

एमेट दाराशी खुर्चीत. मांडीवर चॉकलेटांचं भांडं. वाट बघतोय. मी म्हटलं, पोरं नाही येणार रे, ओपलबाईंनी अडवलंय. तो म्हणाला, येतील.

पोर्चवर पानं वाजताहेत. वारा नाही.

दाराच्या काचेतून पिवळा उजेड आत येतोय. बल्ब माझ्या खिशात आहे. हात घालून पाहिला. आहे.

थाप.

हळू, खाली. माझ्या कमरेच्या उंचीवर.

खिडकीतून पाहिलं. पायऱ्यांवर लहान लहान पोरं, पार फाटकापर्यंत. चादरी, मुखवटे, हातात पिशव्या. गल्लीतलं एकही नाही. गारठा एवढा, पण एकाच्याही तोंडाशी वाफ नाही. ढकलत नाहीत, बोलत नाहीत. शहाण्यासारखी रांगेत उभी आहेत. पलीकडे उन्हात ओपलबाई. दोन्ही नातवंडांना पोटाशी धरून आमच्या दाराकडे बघताहेत –

पुन्हा थाप.

एमेट हसतोय. इतकं हसताना मी त्याला लग्नातसुद्धा पाहिलं नाही. म्हणतो, बघ ना गं, किती आलीत. आपल्याकडे आलीत, विने.

त्याला उठवत नाही. दार मला उघडायला सांगतो. मी नाही म्हटलं. नाही, नाही, नाही. तो ओरडला नाही. म्हणाला, पोरांना थंडीत उभं करू नये गं.

मी जिन्यावर बसून हे लिहितेय. लिहीत आहे तोवर दार उघडावं लागत नाही –

तो बघतोय माझ्याकडे. भांडं दोन्ही हातांनी धरलंय. ओठ निळे. डोळे लहान पोरासारखे.

एवढंच तर मागितलं त्याने. सगळ्या लग्नात एवढंच. आणि मी –

थाप.

मी म्हटलं, उघडते. हे एवढं लिहून होऊ दे, मग उघडते. थांब थोडा. तो म्हणाला, लिही, मी थांबतो.

थांबेल तो. भाजी करपली तरी, गाडी चुकली तरी, मला उशीर झाला की तो नेहमीच माझ्यासाठी थांब –