तार षड्जावरचा ईकार

मी, उपेंद्र गोविंद राजोपाध्ये, वय ७९, राहणार भोर, व्यवसाय संगीत नाटकांसाठी पदे लिहिणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. जिभेचा त्यांनी दिला नाही.

१. आजोबांची जमीन भाटघरच्या धरणात बुडाली. तिच्यावरचा माझा असेल नसेल तो हक्क पुतण्या शौनक यास. "काका, गाण्यात शब्द कोण ऐकतं?" असं तो म्हणाला होता. त्याला पोहता येतं.

२. पेटी नूरुद्दीन आतार यांस. जन्मभर त्यांनी तबला वाजवला, पण माझा एक शब्द थापेखाली दाबला नाही.

३. राहतं घर धाकटा भाऊ स्वानंद यास, एका अटीवर. तो खालच्या खोल्यांत राहतो आणि त्याला दुसरा आसरा नाही, हे मी जाणून आहे.

माझ्या शोकसभेत त्याने 'गुरे परतली, ये घरी' हे पद म्हणावं. लिहिलं मी, पण अख्खा तालुका त्याला स्वानंदचं पद म्हणतो. शेवटचा 'घरी' तार षड्जावर, वरच्या 'सा'वर आहे. ईकारात त्याचा आवाज चिरकतो, म्हणून तो 'घरा' करून आकारात तान मारत आला आणि वन्समोअर घेत आला. सभेत 'घरी'च म्हणायचं आणि ताणून धरायचं. चिरकला तर लोक हसतील, पण घर त्याचं. 'घरा' म्हणाला तर घर देवस्थानाला, आणि त्याने त्याच दिवशी बिऱ्हाड हलवावं.

नूरुद्दीन कळवळून म्हणाले, "आवो दादा, मेल्यावर तरी भावाला सोडा की! लई थकलाय त्यो." सोडणार नाही.

कारण नोंदवून ठेवतो. पत्नी मालिनी रुसून माहेरी भोंगवलीला जाऊन बसली, तेव्हा मी हे पद लिहिलं. नाटकात ते नंतर गेलं. शेवटच्या दुखण्यात तिने तेच ऐकायला मागितलं. खाटेशेजारी बसून मी सुरुवात केली. ती म्हणाली, "तुम्ही नको. भावोजींना बोलवा. त्यांचं 'घरा' कानाला गोड लागतं." माझ्याशी ती तेवढंच शेवटचं बोलली. स्वानंद आला, गायला. त्याची तान संपायच्या आत ती गेली.

४. सभेत पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर मालिनीचा फोटो ठेवावा, तोंड स्वानंदकडे करून. तिने एकदा तरी 'घरी' ऐकावं.

वाचून, समजून सही केली.

उपेंद्र गोविंद राजोपाध्ये
स्थळ: भोर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:
१. डॉ. मिताली शौचे, भोर
२. सावळाराम धुमाळ, नाटकाचे पडदे ओढणारे, भाटघर