तिघे इकडचे, तिघे तिकडचे

एल्म स्ट्रीट, १८ फेब्रुवारी १९९६

प्रिय हेस्टर हिला वहिनी थेल्माचा नमस्कार.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी चुलीतली राख काढून दाराबाहेरच्या पायऱ्यांवरल्या बर्फावर पसरली, दोन चादरी भिजत घातल्या आणि पॅनकेकचं पीठ कालवायला घेतलं. गुरुवार होता. गुरुवारी तुझा भाऊ सहा आमदारांना आमच्या स्वयंपाकघरात न्याहारीला बोलावायचा. तिघे आपल्या पक्षाचे, तिघे समोरच्या पक्षाचे. एकाआड एक बसवायचा, म्हणजे मेपलच्या पाकाची बाटली हवी असली तरी विरोधकाकडेच मागावी लागे. वेंडेल तीनदा गव्हर्नर झाला तो त्या टेबलाच्या जोरावर, असं मी अजून म्हणते.

त्या गुरुवारी त्यांनी लहान शाळांचा कायदा ठरवला. पन्नासपेक्षा कमी मुलं असतील ती शाळा बंद, मुलं बसने मोठ्या शाळेत. सहाही जणांनी हात मिळवले. यादीत तू शिकवायचीस ती शाळा आहे हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. मी पाठमोरी उभी राहून बशा विसळत राहिले. सहा वर्षांत हे तुला लिहिलं नाही, म्हणून आज लिहिते.

पुढचं तुला ठाऊक आहे. निवडणूक जवळ आली तसे सहाही जण म्हणू लागले की कायदा दुसऱ्यांनी आमच्या गळ्यात मारला. एकटा वेंडेल सांगत फिरला की खाली सही माझी आहे. आपल्याच पक्षाच्या लोकांनी त्याची उमेदवारी दुसऱ्याला दिली. नंतर आमच्याकडे न्याहारीला कोणी आलं नाही. इतकं कमी पीठ कालवायची सवय नव्हती, रोज दोन-चार पॅनकेक उरायचे, आणि ते तो दुपारी खायचा.

जानेवारीत वेंडेल गेला तेव्हा तू चर्चमध्ये आली नाहीस त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. वेंडेल तुमच्या गावच्या दफनभूमीत, टेकडीखालच्या दगडी कोठडीत आहे. गोठलेली जमीन मऊ होईपर्यंत त्याची शवपेटी तिथेच राहील. दफनभूमी सांभाळणारा मर्ल मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी खड्डा खणणार आहे. शेवटी इस्पितळात वेंडेल एवढंच म्हणाला होता की बाबांना नेलं तसं मला हातांवर उचलून टेकडीवर न्या. सहा खांदेकरी लागतील. मी त्याच सहा जणांना बोलावणार आहे, तीन आणि तीन. आईबाबांशेजारची जागा त्याला द्यायला तुझी ना नसावी, आणि तूही यावंस, एवढंच मागते.

तुझी माया आटली असली तरी उत्तर टाक.

थेल्मा

*

नॉर्थ गॅलप, २ मार्च

प्रिय थेल्मा,

तुझं पत्र तीन दिवस चहाच्या डब्याखाली ठेवलं होतं. चौथ्या दिवशी पुन्हा वाचलं. बशांचं लिहिलंस ते बरं केलंस. मला ते आधीपासून माहीत होतं. तुझ्या घरात ठरलेलं तुला कळणार नाही असं कसं होईल?

जागा त्याचीच आहे. आईने राखून ठेवली होती, मी अडवणारी कोण. माझं भांडण त्याच्याशी होतं. एकतीस मुलं होती माझ्याकडे. तो स्वतः गाडी चालवत सांगायला आला होता आणि मी दार उघडलं नाही. पायरीवर वीस मिनिटं बसून गेला. मी पडद्याआडून बघत होते. ते आता माझ्याजवळ राहील, कोणाला देता येणार नाही.

पण त्या सहा जणांना बोलावू नकोस. आमच्याकडे खांदा शेजारी देतात. ज्याने तुझ्या दारातला बर्फ लोटला, ज्याची गाय विताना तू रात्र जागवलीस, तो. मी दुकानात विषय काढला. शेजारच्या रॉइसची नातवंडं रोज तास तास बसमध्ये असतात, त्याला सगळ्यात जास्त राग. तो म्हणाला की मी वेंडेलला माफ केलेलं नाही, जन्मात करणार नाही, पण पेटी उचलणं म्हणजे मत देणं नव्हे. वर असंही म्हणाला की गव्हर्नर जिवंतपणी जड होता, आता जरा हलका झाला असेल. सगळे हसले. सहा जण तयार आहेत. त्यांत कोण कुठल्या पक्षाचा ते मला सांगता येईल, पण त्यांनी एकमेकांना कधी विचारलेलं नाही.

तू आठवीत शाळा सोडलीस आणि गावच्या वाचनालयातली कपाटं संपवलीस, याचं मला नेहमी कौतुक वाटलं. पण एवढं वाचूनही माणसं ओळखायला शिकली नाहीस. ते सहा आले तर मी येणार नाही. पाहुणचार खाऊन तोंड पुसणाऱ्यांबरोबर मी उभी राहणार नाही.

थंडीत जपून राहा. माया थोडी आहे, पण जुनी आहे.

हेस्टर

*

एल्म स्ट्रीट, १७ मार्च

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र मिळालं. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

सहाही जण हो म्हणाले. मी एकेकाला फोन केला. त्यांतला एक म्हणाला की वेंडेलच्या टेबलावर मी जे शिकलो ते सभागृहात कधी शिकलो नाही. एकाने, अजून पॅनकेक करता का, असं विचारलं. मी म्हटलं, करत नाही.

शेजाऱ्यांना माझे आभार सांग आणि सांग की गरज नाही. रागावू नकोस. तू म्हणतेस ते रीतीला धरून आहे. पण वेंडेलने आयुष्यभर एकच काम केलं, या सहांसारख्यांना एका बाजूला उभं केलं. ते त्याला उचलून दीडशे पावलं एकत्र चालले, तर मला म्हणता येईल की त्या कामाचं काहीतरी उरलं. नाही चालले तर मी एका भोळ्या माणसाबरोबर बेचाळीस वर्षं काढली. मला हे कळायला हवं. गावच्या लोकांनी उचललं तर मला ते कधीच कळणार नाही.

तू ये. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, बोलायलाच हवं असं नाही.

तुझ्या लोभावर अजून हक्क सांगणारी,
थेल्मा

*

नॉर्थ गॅलप, ९ एप्रिल

थेल्मा,

विधवा बाईला फोनवर नाही म्हणायला कोणालाच जमत नाही, म्हणून ते हो म्हणाले. नोव्हेंबरात निवडणूक आहे. एकमेकांना खेटून उभे असलेले ते वर्तमानपत्रात दिसले, तर दोन्हीकडचे लोक त्यांना सोलून काढतील. हे वेंडेललाही कळलं असतं. निदान शेवटी शेवटी कळत होतं, असं मला वाटतं.

शेजाऱ्यांना तुझा निरोप दिला. रॉइसने कोट झटकून बाहेर काढला होता. त्याने तो परत टांगला.

मी येणार नाही. तुझं खरं ठरो.

हेस्टर

*

एल्म स्ट्रीट, १४ मे

प्रिय हेस्टर,

गावात सगळं तुझ्या कानावर आलं असेल. तरी माझ्याकडून एकदा यावं म्हणून लिहिते.

ते आले, हे आधी सांगते. तिघे एका गाडीतून, तिघे दुसरीतून. फाटकाशी दोन्ही गाड्या एकमेकींपासून वीस फुटांवर उभ्या होत्या. रस्त्यापलीकडे वर्तमानपत्राचा एक फोटो काढणारा होता. त्याला मी बोलावलं नव्हतं, पण वेंडेल गव्हर्नर होता, कोणीतरी येणारच. त्याला बघून कोणी दार उघडेना. मग आपल्या पक्षाच्या तिघांनी मर्लच्या हाती निरोप पाठवला की ते तिघे खाली थांबत असतील तर आम्ही उचलतो, उरलेल्या जागी मर्लने आणि शववाहिनीच्या माणसांनी हात लावावा. मर्ल दुसऱ्या गाडीकडे गेला, तिथूनही शब्दाला शब्द तोच निरोप आला. दोन्ही गाड्यांत आवाज खाली आणि टोप्या मांडीवर. मर्ल मला म्हणाला की सहा वर्षांत यांचं पहिल्यांदाच एकमत झालेलं दिसतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि माफी मागितली.

मी स्वतः जाऊन दोन्ही गाड्यांच्या काचांवर टकटक केलं. सगळे अदबीने बोलले. एकाने माझा हात धरून ठेवला. उतरलं कोणी नाही.

अर्ध्या तासाने पाद्री घड्याळ बघू लागले. टेकडीवर चिखल होता, शववाहिनी चढणार नव्हती. तेव्हा मर्लने टोपी काढली आणि विचारलं की ट्रॅक्टर चालेल का. त्याच ट्रॅक्टरने सकाळी खड्डा खणला होता, पुढच्या खोदायच्या लोखंडी सुपात माती होती. त्याने स्वतःच्या जाकिटाने सूप पुसलं. विचारायला दुसरं कोणी नव्हतं, मी हो म्हटलं. शववाहिनीच्या दोघांनी आणि मर्लने पेटी सुपात ठेवली, दोरीने बांधली. मी मागून चालत गेले. पेटी चढावर डोलत होती. गाड्यांतल्यांनी डोकी खाली घातली होती.

रॉइस पलीकडच्या कुंपणाशी लाकडं रचत होता. ट्रॅक्टर जाताना त्याने काम थांबवलं आणि टोपी काढली. एका हाकेवर होता. येऊ नका, असं मीच कळवलं होतं त्याला. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार होते.

वेंडेलने आयुष्यात एकच गोष्ट माझ्याकडे मागितली होती, हातांवर न्यायची. ती शेजारी द्यायला तयार होते. मला काहीतरी सिद्ध करायचं होतं, म्हणून मी ती त्याला मिळू दिली नाही. इतकी वर्षं मी समजत होते की ते सहा जण त्याच्या शब्दासाठी येऊन बसायचे. आता वाटतं, न्याहारी गरम असायची आणि बाहेर थंडी असायची.

संध्याकाळी तुझ्या दारावरून गेले. गाडी हळू केली, थांबवली नाही. मोठ्या रस्त्यावरच्या मोटेलात उतरले. तू काही बोलली नसतीस हे मला माहीत होतं, तेच सोसलं नसतं. तू आठवतेस ते वेंडेलचं पायरीवर बसणं मला आता समजतं. बाहेर बसलेला काय विचार करत असेल तेही समजतं.

या पत्राचं उत्तर यावं असा आग्रह नाही. जी माया जुनी म्हणालीस, ती फेकून देऊ नकोस.

तुझी,
थेल्मा

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मर्लच्या घरी गेले आणि माझ्या वेळेसाठी सहा शेजाऱ्यांची नावं लिहून देऊन आले.