पहिल्या टीमचं लिंबूटिंबू

मामा,

वर 'प्रिय' नाहीये, बघितलंस ना? लिहिलं होतं. मग खोडलं. मग परत लिहिलं, परत खोडलं, शेवटी कागदाला भोक पडलं म्हणून नवीन कागद घेतला. त्यामुळे नुसतं मामा.

उद्या सकाळी आम्ही सगळे जंगलात येतोय, तुझी राख पुरलीये त्या झाडापाशी. तीन महिने झाले ना तुला जाऊन. कारिन मामीनं प्रत्येकाला एकेक पत्र लिहून आणायला सांगितलंय. तिच्या त्या दुःखवाल्या ग्रुपमधल्या बाईची आयडिया. आईनं चार पानं लिहिली, निम्मी रडून भिजवली. मी आठवडाभर टाळत होतो. तुला काय लिहायचं? तू तर सगळं बघत असशील वगैरे? पण मंगळवारी जे कळलं ना, त्यानंतर म्हणलं, थांब, आता लिहितोच.

आणि बरंय, मामीला मराठी बोललेलं कळतं पण वाचता येत नाही. शुद्धलेखनाचं तू बघून घे. पाचवीनंतर मराठी लिहिलंय कुठे मी!

तर मुद्दा. तू मला गंडवलंस, मामा.

अख्ख्या लाउटर्न गावाला शेंड्या लावणारा मी. ट्रेनरच्या शिट्टीत मोहरी भरणारा मी. आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब शेंडी मला तू लावलीस. तीन वर्षं! मला वासपण नाही आला!

आठवतं, मला पहिल्यांदा ग्राउंडवर आणलंस ते? मी तेरा वर्षांचा, चिंचवडहून येऊन दोन वर्षं झालेली, शाळेत जर्मन बोंबललेलं, वर्गात एक मित्र नाही. तू म्हणालास, "ओम्या, इथं क्रिकेट नाही, पण चुलतभाऊ आहे त्याचा, बेसबॉल. चल." मी पहिला बॉल हातमोजा न घालताच पकडला. सगळी पोरं बघत राहिली. तू मात्र म्हणालास, "शहाण्या, ग्लव्ह काय शोभेला दिलाय?"

आईला शॉर्टस्टॉप म्हणजे काय ते कळेना, तेव्हा तू ओट्यावर मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या मांडल्यास. हळद म्हणजे फर्स्ट बेस, मोहरी सेकंड, तिखट थर्ड. आणि मोहरी नि तिखटाच्या मधे जिरं. "ताई, हे जिरं म्हणजे आपला ओम्या. सगळ्यात जास्त बॉल इथंच येतात." आईनं काळजीनं विचारलं, "मग जिऱ्याला लागत नाही ना रे काही?"

चार वर्षं जिरं होतो मी. काय भारी दिवस होते!

मग मी सतरा वर्षांचा झालो, मोठ्यांच्या पहिल्या टीमच्या उंबऱ्यावर आलो, आणि त्याच उन्हाळ्यात तो लुकास आला. त्याचा थ्रो बघितला आणि मला कळलं की जिऱ्याची वाटी गेली. योखन, आपला ट्रेनर, काडर ठरवत होता. पहिल्या टीमची यादी हो. मी घरी येऊन बूट फेकले. तू फोनवर म्हणालास, "एकच जागा खेळता येणाऱ्याला घरी पाठवतात. पाच जागा येणाऱ्याला टीमच्या बसमधे घेतात. उद्यापासून थर्ड शिकायचं."

आणि शिकलो की रे मी! थर्डला बॉल इतक्या जोरात येतो की विचार करायला वेळच नाही. माझ्यासारख्याला ते बरंच. सेकंडला सगळं उलटं, पाय उलटे, फेकायची बाजू उलटी. पहिले दोन महिने मी स्वतःच्याच पायात अडकून पडत होतो. फर्स्टला तो लांबडा ग्लव्ह, एक पाय बेसवर ठेवून अंग ताणायचं. तुझ्या बिल्डिंगमागच्या पार्किंगमधे तू भिंतीला जुनी गादी लावलीस आणि दर शनिवारी दुपारी बॉल मारत बसलास. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांनी खिडकी उघडून ओरडायचं, "मिटाग्सरुहे!" दुपारची शांतता पाळा म्हणून. तू हात जोडून म्हणायचास, "शेवटचे पाच!" ते पाच कधीच पाच नसायचे.

माझ्या डाव्या हाताचं एक नख अजून वाकडंच उगवतं. कॅचर व्हायला गेलो होतो तेव्हाचं. ते पण तुझ्याच सांगण्यावरून!

आणि मी काडरमधे राहिलो. तीन वर्षं, दर सीझनला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, पाच जागा येतात म्हणून ठेवलंय मला. हीटिंगच्या कामाला लागलो तेव्हा इंटरव्ह्यूमधे मालकाला, त्या माइस्टरला, पण हेच ऐकवलं. त्याला इतकं आवडलं की मार्क न बघता घेतलं त्यानं. बरंच झालं, मार्क बघण्यासारखे नव्हतेच.

आता मंगळवार ऐक.

ट्रेनिंग संपलेलं. मी बेस उचलून ठेवत होतो. योखन आला, हात खिशात.

"आल्झो, तर ओंकार. शुक्रवारी काडर पाठवायचाय."

"पाठव की. यंदा तरी माझं नाव नीट लिही."

हसला नाही तो. "तुझ्या मामाचं नि माझं जे ठरलं होतं, त्याचं आता काय करायचं?"

"काय ठरलं होतं?"

त्याचा चेहरा बघायला हवा होतास तू! वाफ गेलेल्या इडलीसारखा. "त्यानं तुला सांगितलं नव्हतं?"

मग सांगितलं त्यानं. आणि तुला माहितीये, ही लोकं एकदा सांगायला लागली की गाळत काही नाहीत. घरच्या प्रत्येक मॅचला परवाना असलेला स्कोरर लागतो आणि आपल्या अख्ख्या क्लबात तो परवाना फक्त तुझ्याकडे. लुकास आला त्या उन्हाळ्यात तू योखनला म्हणालास, ओंकारचं नाव यादीत आहे तोवर मी दर रविवारी स्कोररच्या खिडकीत बसतो. नाव गेलं, की मी पण गेलो.

म्हणजे मला पाच जागा येत होत्या म्हणून नाही. तुला पेन्सिल धरता येत होती म्हणून!

थांब, पुढे आहे. मला सगळे 'त्सित्रोने' का म्हणतात ते पण कळलं. त्सित्रोने, लिंबू. मी समजत होतो माझ्या त्या कारनाम्यामुळे. डगआउटला लिंबू-मिरची टांगली होती ना मी, सुपरमार्केटातलं पिवळंधमक लिंबू नि जाडजूड मिरच्या, आणि नेमका तो सामना आपण जिंकलो. मला वाटलं, कौतुकानं म्हणतात! कॉलर ताठ करून फिरलो तीन वर्षं!

योखन म्हणाला, "नाही नाही. तुझ्या मामानं मला तुमच्याकडची एक पद्धत सांगितली होती. खेळात एक लहान मूल घेतात. ते खेळतं सगळ्यांबरोबर, पण धरत नाहीत त्याला. त्याला तुम्ही छोटं लिंबू म्हणता. किती छान पद्धत!"

लिंबूटिंबू. मामा, तू मला लिंबूटिंबू म्हणालास! आणि वर जर्मनमधे भाषांतर करून दिलंस! आपल्याकडे चार वर्षांच्या पोराला म्हणतात रे ते, दादाच्या मागे रडत आलेल्या. मी सतरा वर्षांचा होतो. मिशी होती मला!

जर्मनमधे सौदा फसला की म्हणतात, लिंबं विकली. मी योखनला म्हणलं, "मग तीन वर्षं तू लिंबंच विकत होतास की!" तो हसला. मीच हसवलं त्याला. सवय. मग मोटरसायकलपाशी गेलो आणि हेल्मेट घालून बसून राहिलो, कारण हेल्मेटच्या आत कोणाला दिसत नाही.

तू असं का केलंस, ते पण सांगितलं योखननं. तू म्हणाला होतास, "त्या पोराकडे एवढंच आहे." एवढंच? मामा, एवढंच? मला तोंडावर म्हणायचास, "ओम्या, तू कुठेही टाकला तरी उभा राहशील." आणि माझ्या पाठीमागे असं?

यातलं बरंचसं मी सोडलं असतं. खरंच. पण सईचं लग्न नाही सोडणार.

मावशीच्या सईला सख्खा भाऊ नाही. कानपिळीला मी. सहा महिने ठरलेलं. नवऱ्याचा कान असा पिळणार होतो की त्याला सईशी भांडताना दर वेळी आठवलं असतं! तिकीट काढलेलं. आणि त्याच आठवड्यात फर्स्टवाला आजारी पडला. मी तुझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणलं, "मामा, टीमला माझी गरज आहे. मी नाही जात." तू काकडी चिरत होतास. चिरतच राहिलास. वर पण नाही बघितलंस.

मी गेलो नाही. कान कोणातरी लांबच्या चुलतभावानं पिळला. सई अजून नीट बोलत नाही माझ्याशी. आणि त्या रविवारी मी नऊच्या नऊ इनिंग बाकावर बसलो होतो. तू समोरच्या खिडकीतून मला बसलेला बघत होतास!

तेव्हा तरी बोलायचंस रे. एक वाक्य. "ओम्या, जा लग्नाला, इथं काही अडत नाही." मला राग आला असता, मी चार दिवस बोललो नसतो. पण कान माझ्या हातात असता ना!

मामीला विचारलं, तुला माहीत होतं? "हो," म्हणाली. मग म्हणाली, "मी त्याला म्हणायचे की हे चूक आहे, ओंकारला सांग. तो म्हणायचा, बघू." बघू! तुझं ते बघू मला माहितीये. मामीला इतक्या वर्षांत कळलं नाही की आपल्याकडे बघू म्हणजे नाही.

आत्ता हे कुठं बसून लिहितोय सांगू? तुझ्याच कंटेनरमधे, स्कोररच्या खिडकीत. शनिवार दुपार आहे, ग्राउंड रिकामं. तुझी स्कोरबुकं इथंच आहेत. म्हणलं, बघू या पुस्तकात पण किती शेंड्या लावल्यात. माझ्या चुका झाकल्या असशील, सुटलेले बॉल समोरच्याचा हिट म्हणून लिहिले असशील.

तीनच्या तीन वर्षं चाळली. एक पण नाही झाकलेली. जिथं जिथं माझ्या हातून सुटलं, तिथं चूक, माझ्या नावावर, गडद पेन्सिलीनं. एकदा तर लुकासची की माझी असा वाद होता, ती पण माझ्याच नावावर! आणि पकडलेले पण आहेत. फार नाहीत. पण आहेत.

मला कळत नाही रे तुझं. हातानं इतका खरा आणि तोंडानं असा?

योखननं मंगळवारीच विचारलं होतं, "तू स्कोररचा कोर्स कर. मग सगळं पहिल्यासारखं." म्हणजे मीच माझा मामा व्हायचं! मी म्हणलं, "नाइन, नाही. गुरुवारी माझी ट्रायल घे. नवीन पोरांची घेतोस तशी."

घेतली. शॉर्टला, सेकंडला, थर्डला, फर्स्टला. बॉल मारताना दया नाही केली त्यानं. शॉर्टला तीन सुटले. सेकंडला पाय अडकला. थर्डला मात्र, मामा, थर्डला मी बरा होतो.

योखन जवळ आला. "थर्डला तू चांगला आहेस. पहिल्या टीमइतका नाहीस. दुसऱ्या टीमकडे थर्ड बेस नाहीये. दर रविवारी, पहिल्या इनिंगपासून तू."

"आणि पहिली टीम?"

"नाइन."

डोळ्यात बघून म्हणाला. मी ग्लव्ह काढून बॅगेत कोंबला. पण त्यानंतर घरी येताना रस्त्यात लक्षात आलं, तीन वर्षांत या विषयावर माझ्याशी खरं बोललेला तो पहिला माणूस.

काल काडर गेला. माझं नाव नाहीये.

स्कोररचा कोर्स मी करतोय, ते वेगळं. योखननं विचारलं, बदल्यात काय? म्हणलं, काही नाही. त्याला पटकन कळलंच नाही.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. उद्या झाडापाशी सगळे रडतील, मी पण रडीन बहुतेक, त्याचा अर्थ तसा काढायचा नाही. मला तू हवा आहेस. भांडायला हवा आहेस. आहेस कुठं!

एक वचन देतो. पुढच्या रविवारी दुसऱ्या टीमची पहिली मॅच आहे. ती झाली की घामेजल्या कपड्यात तुझ्याकडे येईन आणि काय काय झालं ते सांगीन. दर मॅचनंतर येईन. चांगलं खेळलो तर ते, माती खाल्ली तर ती. कधी पहिल्या टीमनं बोलावलं तर ते, आणि कधीच नाही बोलावलं तर ते पण. तुला माझं काहीही दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू देणार नाही.

तुझा,
ओंकार
थर्ड बेस, दुसरी टीम