सहासष्ट ओळी आणि एक चुकीचं नाव

अल्लाहचं नाव घेऊन मी, हारुन दाऊद मणियार, वय एकोणसत्तर, धंदा आधी रेडिओदुरुस्ती व नंतर संगणक टायपिंग क्लास, राहणार जव्हार, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी मदीना शेजारी सुपारी कातरत बसली आहे, ती फक्त मी काही गाळतो का ते बघते आहे.

कलम १. राहतं घर व पोस्टातली ठेव पत्नी मदीना, मुलगा असलम व मुलगी नाजिश यांना शरियतीत ठरलेल्या हिश्श्यांप्रमाणे मिळावी. त्यात मला बोलायला जागा नाही. वारसांबाहेर देण्यासाठी तिसरा हिस्सा तेवढा माझ्या हातात आहे. पुढचं सगळं त्यातलं.

कलम २. स्क्रूड्रायव्हरचा संच व मल्टिमीटर भाचा इमाद याला. अट एकच: आधी विचार करावा, मग स्क्रू काढावा. ही अक्कल मला त्रेसष्टाव्या वर्षी आली.

कलम ३. बाजारपेठेतला गाळा, आतला संगणक, प्रिंटर, एकसष्ट सीडी व अकरा वह्या सुषमा तुळशीदास झुगरे, राहणार खोडाळा, हिला द्याव्यात. गाळ्याची किंमत तिसऱ्या हिश्श्यात बसते हे वकिलांकडून तपासून घेतलं आहे. असलमला तिथे मोबाइलचं दुकान काढायचं होतं आणि तो विचारणार, ही कोण लागते आपली? त्याच्यासाठी सविस्तर लिहितो.

सुषमाचे वडील मजुरीवर जात. ती बाविसाव्या वर्षी माझ्याकडे टायपिंग शिकायला आली आणि वर्षभरात मला शिकवू लागली. तेव्हा मासिकांबरोबर मोफत प्रोग्रॅमच्या सीडी येत. ते प्रोग्रॅम लिहिणारे लोक आतली ओळन्‌ओळ उघडी ठेवतात, कोणीही वाचावी, दुरुस्त करावी. पूर्वी रेडिओच्या मागच्या झाकणात सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. मला ती माणसं त्या नकाशा चिकटवणाऱ्यांच्या जातीची वाटली आणि आजही त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. एक शब्द दिला की संगणक साऱ्या फायली चाळून तो असलेली ओळ समोर ठेवी. कुठल्या सीडीत काय सापडलं ते सुषमा वहीत उतरवी. त्याच या अकरा वह्या.

सन २००१ मध्ये एका कचेरीची लांबलचक नावांची यादी आम्ही छापायला घेतली. दुसऱ्या पानाचं शीर्षक पहिल्या पानाच्या तळाशी आलं, तिसऱ्याचं आणखी वर. साहेबांनी यादी परत केली. मी प्रिंटर तीनदा खोलला, कारण मेकॅनिकला प्रत्येक दुखणं स्क्रूच्या आतच दिसतं. सुषमा मात्र जमिनीवर कागदाची सलग पट्टी उलगडून पानं मोजत होती.

“चाचा, मशीन बिघडली असती तं तेरावा पान बरोबर कसा आला?”

मी पाहिलं. तेराव्याचं शीर्षक अगदी जागेवर होतं.

“मशीनला काय नाय झाला. मोजनारा चुकतंय.”

आपला जोडकागद बारा इंची, बहात्तर ओळींचा. प्रोग्रॅम मात्र सहासष्टच मोजत होता, म्हणजे लिहिणाऱ्याच्या देशातला अकरा इंची कागद. दर पानाला सहा ओळींची घसरण, आणि बारा पानांनी गाडी पुन्हा रुळावर. मला वाटलं, संपलं काम. ती म्हणाली, “रानात भाजीची शेवळां एका उतारावर गावली का आई तसल्याच दुसऱ्या उतारावर बघते.” तिने सगळ्या सीडींमध्ये सहासष्ट शोधला. चार देशांतल्या चार माणसांच्या चार प्रोग्रॅममध्ये तो तसाच ठोकून बसवलेला होता, कारण प्रत्येकाने तो आधीच्याकडून उचललेला. पाचव्या प्रोग्रॅमबरोबरच्या माहितीपत्रात, अगदी शेवटी, कागदाची लांबी विचारून घ्यायची रीत लिहिलेली होती. तीच रीत तिने चौघांना सुचवली. चाळीस वर्षं दुरुस्ती करून मला जे दिसलं नाही ते या मुलीने जमिनीवर बसून पाहिलं. अशी नजर मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

आता माझा गुन्हा. ईमेल खातं माझं, म्हणून पत्र माझ्या नावाने गेलं. महिन्याभराने त्या चौघांच्या माहितीपत्रांत ओळ आली: ‘ही चूक शोधल्याबद्दल हारुन मणियार, जव्हार, यांचे आभार.’ मी ती छापून, चौकट करून गाळ्यात टांगली आणि पेढे वाटले. सुषमाने पेढा खाल्ला, चौकट वाचली, म्हणाली, “नाव छान छापलाय, चाचा.” आणि कामाला लागली. पुढे लग्न होऊन गेली तरी शब्दाने बोलली नाही. मदीना मात्र बोलली: “नाव तिचं, टोपी तुमच्या डोक्यावर. उतरवा.” मी सहा वर्षं उतरवली नाही.

यंदा इंटरनेटवर सगळ्यांचे प्रोग्रॅम एका जागी शोधता येतात असं कळलं. मी हौसेने स्वतःचं नाव टाकलं. नऊ ठिकाणी सापडलं! आधी छाती फुगली, मग घाम फुटला. लोकांनी दुरुस्ती उचलली आणि तिच्याबरोबर आभाराची ओळही. सहासष्ट जसा न तपासता पसरला, तसंच माझं नाव पसरलं होतं.

बाजाराच्या दिवशी खोडाळ्याला गेलो. ती नागलीच्या कापणीवरून मजुरी करून आली होती. मी सगळं सांगून माफी मागितली. तिने हातातली पाटी खाली ठेवली.

“मला वाईट वाटला होता, चाचा. लई वाटला होता.” मग म्हणाली, “सगल्यांचा एकदम शोधता येतंय? तं सहासष्ट अजून कुठं राहिलाय तो बघला का?”

मला ते सुचलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती गाळ्यात हजर झाली. दुपारपर्यंत तिने आणखी तीन जागी सहासष्ट शोधला आणि तिन्ही पत्रं पाठवली, या वेळी स्वतःच्या नावाने. मी शेजारी बसून नऊ जणांना कबुलीची पत्रं लिहिली. सात जणांनी नाव बदललं. दोघांचं उत्तर नाही.

कलम ४. गाळ्यातली चौकट तिथेच राहावी. आतला कागद मी बदलला आहे. आता त्यावर सुषमाचं नाव आहे. जुना कागद मदीनाने चुलीत घातला.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलगी नाजिश हिने करावी. उरलेल्या दोघांना तिने दर महिन्याला पत्र लिहावं, नम्रपणे, पण सोडू नये. माझ्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी जेवण घालू नये. ज्या दिवशी माझं नाव शोधल्यावर एकही ओळ सापडणार नाही आणि सुषमाचं नाव शोधल्यावर नऊच्या नऊ सापडतील, त्या दिवशी गाळ्यात पेढे वाटावेत. पहिला पेढा सुषमाला द्यावा आणि या वेळी तिने तो माझ्याकडून घेतला असं समजावं.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: हारुन दाऊद मणियार
(हे नाव या कागदावर राहू द्यावं. इथे ते बरोबर आहे.)

साक्षीदार:
१. राघो कान्हा वाघेरे, निवृत्त पोस्टमन, जव्हार
२. तानी मंगळू दिघा, शिक्षिका, खोडाळा

ठिकाण: जव्हार
दिनांक: २३ नोव्हेंबर २००७