विहिरीजवळचा ऊस आणि बेबाबाईची मांजर

मी, अभिमन झुलाल पाटील, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे सोडले तर बाकी सगळे ठणठणीत आहे.

१. राहते घर मुलगा नवल याला. ओट्यावरची माझी खाट त्याने हलवू नये.

२. शेजारी भिकनने नेलेला फवारणी पंप माझ्यामागे त्याचाच समजावा. हयात असेपर्यंत मात्र मी रोज मागणार.

३. विहिरीजवळचे शेत माझ्या स्वकष्टाचे. मुलगी सारिका नरडाण्याच्या सासरहून येऊन तिथला ऊस पाहते. तिने हक्कसोडपत्रावर सही करावी, हा नवलचा हट्ट. यंदा लागणीआधी तिने उसाची टिपरी समुद्री शेवाळाच्या अर्कात बुडवायला घेतली, तेव्हा नवल हसला, "उसले टॉनिक पाजस का?" "मंग लाव पैज, दादा!" अर्धे शेत तिच्या पद्धतीने, अर्धे त्याच्या. तिचे कोंब सरस आले नाहीत तर ती सही करणार, आले तर तो सहीचे नाव काढणार नाही.

कोंब दोन्हीकडे सारखेच जोमदार आले. नवल म्हणाला, "दख आबा, टॉनिक वाया गयं." मला फार वाईट वाटले.

पण उरलेली टिपरी मी बांधाकडे न बुडवताच लावली होती. बेणे तेच, पाणी तेच, तरी तिथले कोंब खुरटे. मग आठवले, लागणीच्या दिवशी समोरच्या बेबाबाईची मांजर नवलचे हात चाटत ओट्यापर्यंत आली होती. त्या अर्काला सुक्या मासळीचा वास येतो, आणि आमच्याकडे मासळी शिजत नाही. पठ्ठ्याने आपलीही टिपरी गुपचूप सारिकाच्याच ड्रममध्ये बुडवली होती! विचारले तर म्हणतो, "नहीतं मन्हा ऊस मांगे ऱ्हाता ना, आबा!"

सबब हे शेत सारिकाला. तिच्याकडे कोणी सही मागू नये. अर्काचा ड्रम नवलला.

४. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सारिकाने माहेरी यावे, नवलने स्वतः आणायला जावे.

हे वाचून दाखवले तेव्हा सारिकाला रडू आले. नवल मान खाली घालून म्हणाला, "पुढला साल मन्हं बेणं बी बुडाडशी ना?"

ती डोळे पुसत म्हणाली, "ड्रम तं आते तुन्हाच शे, दादा. मालेच तुले इचारनं पडी."

मजकूर वाचला, मान्य आहे.

सही: अभिमन झुलाल पाटील
साक्षीदार: १. लीलाधर भामरे
२. बेबाबाई कोळी (मांजर यांचीच)
स्थळ: आमचा ओटा
आखाजी, दि. ३० एप्रिल २०२५