मनकर्णाबाईसाठी मुक्काम

वाळूज, ६ नोव्हेंबर १९९६

चि. कडूबास द्वारकाअक्काचे अनेक आशीर्वाद.

छातीच्या ऑपरेशनची जखम भरली. आता कॅन्सरच्या सलाइन चालू आहेत. डोक्यावरचे केस सगळे गेले, तोंड आलंय. सूर्यभान कंपनीतून रजा काढून मला दवाखान्यात नेतो. लेक जिवाचं रान करतो, पण बोलत नाय. शेजारणींनी सूनबाईच्या मनात भरवलं, की हा रोग उष्ट्यातून लागतो. तिनं माझा कप वेगळा केला, नातीला जवळ येऊ देत नाय. ती वाईट नाय रे, भ्यालीय. पण मला लई एकटं वाटतं. पुढची सलाइन मी घेणार नाय. मला फर्दापूरला माहेरी घेऊन जा.

माया आहे तशी ठेव.
तुझी अक्का

फर्दापूर, ११ नोव्हेंबर १९९६

ती. द्वारकाअक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना माझ्या हॉटेलातला सगळा चहा उतू गेला. अक्का, मी न्यायला येणार नाय. शाळेतून पळालो की कान धरून परत नेणारी तूच ना? आता माझी पाळी. तुझ्या भावजयीला, भागूबाईला पाठवतोय. तुझं तोंड आलंय म्हणून ती ठेचा आणत नाय. जीभ मात्र तिखटच आणतेय.

माझ्यावर रुस, पण जेवत जा.
तुझा कडूबा

वाळूज, १८ डिसेंबर १९९६

चि. कडूबास अनेक आशीर्वाद.

भागूबाई आली ती माझ्या उष्ट्या कपातच चहा प्याली. सूनबाई बघतच राहिली. मग तिला दवाखान्यात नेऊन भागूबाईनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, उष्ट्यातून काही लागत नाही, पोरीला खुशाल आजीजवळ झोपू द्या. घरी येऊन सूनबाई माझ्या पायाशी बसून लई रडली. आता नात माझ्या टकलावरून हात फिरवते अन् खदखदा हसते.

दवाखान्यात आम्हा बायांचं एक बाकडं ठरलंय. एकमेकींच्या डोक्याला फडकं बांधतो, डबा वाटून खातो, रडू आलं तर रडतो. त्यातली पैठणकडची मनकर्णाबाई एकटीच येते. माहेर-सासरचं कोणी फिरकत नाय. मी एकदा गेले नव्हते, तर ती सुई टोचून न घेताच घरी निघाली होती.

परवा माझी शेवटची सलाइन झाली. सूर्यभान मला तुझ्याकडं सोडायला निघाला होता. मी नको म्हणाले. मनकर्णाबाईच्या अजून बाकी आहेत, तोवर मी त्या बाकड्यावर बसणार. सूर्यभान चिडला. तेव्हा सूनबाईच आतून म्हणाली, आत्याबाईंना राहू द्या, दोघींचा डबा मी करते.

भागूबाईला आज गाडीत बसवते. तिला चार दिवस कामाला लावू नकोस.
तुझी अक्का